बिनकुलपाचे गेम: सवाल तुमचे, जवाब आमचे

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहून गेलो होतो, की कॉम्प्युटरचा गेम पैसे देऊन घ्यायचाच असेल तर शक्यतो बिनकुलपाचा घ्या. झालं! पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, एक जण तर अमळनेरहून थेट घरीच आले, म्हणे आधी ते कुलूप काय ते सांगा, चहा मग घेऊ. सगळ्यांना जागा नाही, म्हणून निवडक घेतोय. नाव छापू नका असं बहुतेकांनी बजावलंय (गेमवर पैसे घातले हे घरी कळायला नको, दुसरं काय), तेव्हा नुसतं गाव टाकतोय.

धडगाव, आश्रमशाळेतले एक सर: दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा वायफायवर गाड्या पळवायचा एक गेम ऑनलाइन घेतला, बाराशे रुपये मोजले. लॅपटॉप घेऊन इकडे शाळेवर आलो, पंधरा-वीस दिवस मस्त चालला आणि एका रविवारी उघडतो तर म्हणे इंटरनेट जोडा, खातं तपासायचंय. इथे रेंज येते ती शाळेमागच्या टेकडीवर, महूच्या झाडाखाली, तीही वारा असेल तशी. लॅपटॉप घेऊन टेकडीवर जाऊन बसलो, पोरं हसायला लागली. पैसे मी दिलेत ना, मग परवानगी कोणाची घ्यायची?

सर, महूखाली बसलेले तुम्ही डोळ्यांसमोर उभे राहिलात आणि हसू आलं त्याबद्दल माफी, पण प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. तुम्ही घेतला तो गेम खेळायचा परवाना, गेम त्यांच्याकडेच आहे. दुकानदार किंवा कंपनी गेमला एक कुलूप लावते, त्याला डीआरएम म्हणतात, आणि किल्ली ठेवते आपल्या सर्व्हरवर. काही कुलपं गेम चालू करताना एकदा विचारतात, काही दर थोड्या दिवसांनी विचारतात (तुमचं त्यातलंच दिसतंय), आणि काही तर खेळताना पूर्ण वेळ लाइनवर असलेच पाहिजेत असा हट्ट धरतात, मग तुम्ही एकटे खेळत असा नाहीतर दहा जण. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदाच केला, की परवाना विकत असाल तर 'विकत घ्या' असं बटण लावून गिऱ्हाइकाला गंडवायचं नाही, स्पष्ट लिहायचं. तो लागू झाला १ जानेवारी २०२५ ला, आणि स्टीमसारख्या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानाने त्याच्या आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. ती ओळ आपल्याकडेही दिसते, पण वाचतं कोण. मीसुद्धा वाचली नव्हती.

आता उपाय. गॉग नावाचं दुकान आहे, पोलंडचं, २००८ साली सुरू झालं, तेव्हा नाव होतं गुड ओल्ड गेम्स कारण जुनेच गेम विकायचे. आता नवे पण असतात. त्यांचा नियम असा की एकट्याने खेळायच्या गेमला कुलूप नाही. पैसे दिले, फाइल उतरवली, विषय संपला, मग धडगावला न्या नाहीतर तोरणमाळला, नेट लागत नाही.

पण इथे एक खड्डा आहे त्यात बरेच जण पडतात, मी पण पडलोय. गॉगवर गेम घेतला की लायब्ररीत एक मोठं ठळक बटण दिसतं, ते दाबलं की एक छोटीशी फाइल उतरते, काही एमबीची, आपण खूश की बघा केवढं फास्ट. ती गेमची नसते, ती त्यांच्या गॅलेक्सी नावाच्या प्रोग्रॅमची असते, आणि तो मग नेटवरून गेम ओढतो. तुम्ही तीच पेनड्राइव्हवर घालून धडगावला नेलीत तर परत महूचं झाड आहेच. त्याच पानावर खाली बघा, 'ऑफलाइन बॅकअप गेम इन्स्टॉलर्स' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तिथून उतरवायचं. गॅलेक्सी वाईट नाही, सेव्ह (खेळ कुठपर्यंत आला त्याची नोंद) सांभाळतो, अपडेट आपोआप करतो, काही गेम मित्रांबरोबर खेळायचे तर तो लागतो पण, फक्त सक्ती नाही एवढंच.

आणि गेम कुठूनही घ्या, पहिल्याच दिवशी गावी असतानाच वायफाय बंद करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि गेम उघडून बघा. उघडला तर बॅगेत भरा, नाही उघडला तर लगेच पैसे परत मागा. गॉगवर ३० दिवसांची मुदत आहे, गेम उतरवून खेळून झाला असला तरी. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवस आणि खेळणं २ तासांच्या आत. तुम्ही नेमकी ही मुदत शाळेवर घालवलीत, त्याला आता इलाज नाही. स्टीमला ऑफलाइन मोड आहे, तो निघायच्या आधी चालू करून घ्यायचा असतो, आणि तिथले सुद्धा काही गेम असे असतात की फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं तरी चालतात, पण कुठला चालतो कुठला नाही हे एकेक करून बघावं लागतं. दुकान ते पाटीवर लिहीत नाही.

शिरपूर, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी: गॉगवर ६ डॉलरचा गेम सेलमध्ये बघितला, डेबिट कार्ड टाकलं, तीनदा नापास झालं. खात्यात पैसे आहेत. वेबसाइट फ्रॉड आहे का?

वेबसाइट बरोबर आहे, तुझं कार्ड झोपलंय. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवं कार्ड हातात येतं ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू असतं, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपण स्वतः चालू करायचे असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डच्या सेटिंगमध्ये 'इंटरनॅशनल' असं एक बटण असेल ते चालू कर, मर्यादा हजार रुपये ठेव, गेम घेऊन झाला की परत बंद. बंद करायला विसरू नको, हे मी वडीलकीच्या नात्याने सांगतोय.

दुसरं, ६ डॉलर म्हणजे त्या दिवशीचा भाव गुणिले ६ एवढंच नसतं. बँक वर परकीय चलनाचा चार्ज लावते, बहुतेक ठिकाणी २ ते ३.५ टक्के, आणि त्या चार्जवर जीएसटी. छोट्या रकमेला ते दहा-वीस रुपयांत निघतं, पण मेसेज आल्यावर "जास्त कापले" म्हणून बँकेत भांडायला जाऊ नको. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून भाव रुपयांत आहेत आणि बऱ्याच गेमचे अमेरिकेपेक्षा स्वस्त ठेवलेत, त्यामुळे तोच गेम कधी कधी तिथे निम्म्याला मिळतो हे खरंय. मग ज्याने त्याने ठरवायचं, स्वस्त पाहिजे का आपल्या ताब्यात पाहिजे. घाई नसेल तर विशलिस्टमध्ये टाकून ठेव, उन्हाळ्यात आणि डिसेंबरात मोठे सेल लागतात, मधूनच एखादा गेम फुकट पण वाटतात.

यावल: गेम उतरवायला चार रात्री गेल्या, रात्रीचाच डेटा पुरतो म्हणून. पेनड्राइव्हवर सेटअप घेऊन मित्राकडे गेलो (माझाच जुना पीसी त्याच्याकडे आहे), तर सेटअप म्हणतो पुढची फाइल सापडत नाही. डोकं फिरलं.

नुसता सेटअपच नेलात ना? ती सेटअपची एक्सई (.exe) फाइल म्हणजे फक्त दार. घर असतं बाजूच्या, नावाच्या शेवटी '.bin' असलेल्या, बिन फाइलींमध्ये. मोठा गेम असला की गॉग त्याचे ४ जीबीपर्यंतचे तुकडे करतो, सेटअप एक आणि पुढे डॅश एक, डॅश दोन असे आकडे लावलेल्या बिन फाइली, सगळ्या एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी पाहिजेत आणि नावं बदलायची नाहीत. एकाने पोराच्या वाढदिवसाला गेम घेतला आणि ओळखू यावा म्हणून फाइलचं नाव पोराच्या नावाने केलं, मग काय, बसले सगळे केक कापून बघत. तुकड्यांचा फायदा पण आहे, जुना पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असला तर त्याच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. आणि लाइट गेली तरी जो तुकडा पूर्ण उतरला तो उतरला, पुढचाच फक्त परत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लाइट कशी असते तुम्हाला माहितीच आहे.

पाचोरा, एक पालक: सरकारने ऑनलाइन गेम बंद केलेत असं बातम्यांत बघितलं, आणि मुलगा तर कार्डवरून गेम विकत घेतोय. पोलिसांचा काही त्रास होईल का?

नाही होणार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला तो पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे, रमी म्हणा, पैसे लावायची फॅन्टसी टीम म्हणा. दुकानातून ठरलेल्या किमतीला गेम घेणं म्हणजे पुस्तक किंवा कॅरमबोर्ड घेण्यासारखं आहे, त्यात डाव लावणं आलंच नाही. उलट मी तर म्हणेन एकदा पैसे देऊन पूर्ण घेतलेला गेम बरा, कारण मोबाइलवरच्या फुकट गेममध्ये आत गेल्यावर हिरे विकतात, तलवारी विकतात, आणि तिथे पोरं किती घालतात हे तुम्हाला महिन्याच्या शेवटी कळतं.

शिंदखेडा: पैसा आपला आन कुलूप तेस्नं, हाई कोठला न्याव शे भो? आणि माझ्याकडे २००३ सालची ओरिजिनल गेमची सीडी आहे, बिल आहे, डबा आहे, तरी विंडोज १० वर चालत नाही. सीडीवर तर ओरखडा पण नाही.

भाऊ, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच निघतं. त्या काळी सीडीची कॉपी होऊ नये म्हणून सेफडिस्कसारखी कुलपं लावायचे. ते कुलूप विंडोजच्याच आत ड्रायव्हर म्हणतात तशा एका छोट्या प्रोग्रॅमवर टेकलेलं होतं. तो ड्रायव्हर सुरक्षेला धोका म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मधून काढूनच टाकला, आणि त्याच वर्षी विंडोज ७ आणि ८ वरही अपडेट देऊन बंद केला. आता तुमच्या सीडीतला गेम ठणठणीत आहे पण दारावरचं कुलूप उघडणारं कोणी राहिलं नाही. म्हणजे ज्याने बिल फाडून घेतला तो बाहेर, आणि ज्याने त्या वेळी स्टँडजवळून पन्नास रुपयांत कुलूप तोडलेली सीडी घेतली त्याचा कदाचित अजून चालतोय. न्याव विचारता ना, हा असा.

खोटं कशाला बोलू, ती पन्नास रुपयांची सीडी मीही घेतलीय, भुसावळला, पॉलिटेक्निकला असताना. झेरॉक्सवाल्याकडे वहीत यादी असायची, नंबर सांगायचा आणि संध्याकाळी सीडी मिळायची, वर स्केच पेनने नाव. ओरिजिनल कुठे मिळते हेच माहिती नव्हतं आणि माहिती असतं तरी हजार रुपये कोणाकडे होते. अर्ध्या सीडींत गेमबरोबर व्हायरस यायचा.

आणि गंमत म्हणजे गॉगवाल्यांची गोष्टपण तिथूनच सुरू होते. पोलंडमध्ये ९० च्या दशकात हेच चालायचं, बाजारात उघड्यावर कॉपी केलेले गेम. दोन मित्रांनी १९९४ मध्ये सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढली (पुढे गॉग सुरू केलं ते यांनीच), बाहेरचे गेम आणून विकायचे. चोरीच्या सीडीशी भावात टक्कर घेणं शक्यच नाही, मग १९९९ मध्ये त्यांनी बाल्डर्स गेट हा गेम पूर्ण पोलिश भाषेत केला, नामवंत नटांचे आवाज घेतले, जाड डब्यात नकाशा घातला, गाण्यांची सीडी घातली. चोरबाजारात ते मिळणार नव्हतं, लोकांनी रांगा लावून घेतला. चोराच्या मागे काठी घेऊन पळण्यापेक्षा गिऱ्हाइकाला दोन वस्तू जास्त द्या हा हिशोब त्यांना तिथेच कळला असावा असं मला वाटतं. पुढे त्यांनी स्वतःचा विचर ३ हा गेम काढला, २०१५ मध्ये, गॉगवर पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा, आणि २०२३ पर्यंत त्याच्या सगळीकडे मिळून ५ कोटींच्या वर कॉप्या खपल्या. दुसऱ्या बाजूला २००८ चा स्पोर हा गेम बघा, ३ कॉम्प्युटरची मर्यादा घालणारं कडक कुलूप लावलं होतं, गिऱ्हाइकं भडकली, आणि त्या वर्षी चोरून उतरवलेल्या गेममध्ये त्याचंच नाव वरती.

तर तुमच्या सीडीचं काय, गॉगवर तोच गेम आहे का बघा, बरेच जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे नीट करून ते विकतात, सेलमध्ये दोनशे-तीनशे रुपयांत निघतात. विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या काळातले असले तर ते चालवणारा डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम आत घालूनच देतात, आपल्याला काही करावं लागत नाही. एकाच गेमचे दोनदा पैसे का द्यायचे असं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे, माझ्याकडे उत्तर नाही. डबा मात्र टाकू नका.

धुळे, देवपूर: कुलूपच नाही म्हटल्यावर हॉस्टेलच्या पाच मित्रांना पेनड्राइव्हवर दिला तर काय बिघडलं? कळणार कोणाला?

कळणार कोणालाच नाही. शेताला कुंपण नसलं म्हणून कोणी केळीचे घड कापून नेले तर चालेल का? तुझ्या स्वतःच्या दोन-तीन कॉम्प्युटरवर टाक, कॉपी करून हार्ड डिस्कवर ठेव, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही आपण रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची नुकसानीच्या भीतीने बॅकअप कॉपी ठेवायला मुभा आहे. दिवाळीला आलेला आतेभाऊ तुझ्याच पीसीवर रात्रभर बसला तरी कोणी काही म्हणणार नाही. वाटणं वेगळं. पाच जणांनी सेलमध्ये शंभर-शंभरचा एकेक घ्या की, वडापाव आणि चहाला त्याच्यापेक्षा जास्त जातात तुमचे. पैसेच नसतील तर इच.आयओ (itch.io) ही वेबसाइट बघ, तिथे छोटे छोटे गेम बनवणारे स्वतः विकतात, कित्येक फुकट, कित्येक द्याल तेवढे द्या. २०२० मध्ये त्यांनी एका मदतनिधीसाठी १,७०० च्या वर गेम आणि बाकीच्या वस्तूंचा गठ्ठा कमीत कमी ५ डॉलरला दिला होता, ज्यांनी घेतला त्यांचे अजून खेळून झाले नसतील.

चाळीसगाव: गॉगच उद्या बंद पडलं तर? मग बिनकुलपाचा काय उपयोग?

फाइल उतरवून ठेवली असेल तर काहीच फरक नाही. नसेल ठेवली तर बिनकुलपाचा आणि कुलपाचा दोन्ही सारखेच गेले, आणि इथेच बहुतेक लोक आळस करतात, गेम घेतात आणि लायब्ररीत तसाच पडू देतात, बारशाला आलेल्या भांड्यांसारखा. स्टीमचं बघा, १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ ला त्यांनी सोडून दिलं, त्यांचाही नाइलाज असेल पण जुन्या पीसीवाल्यांनी जायचं कुठे. सेटअपची फाइल हातात असती तर विंडोज ७ वरचा जुना गेम तसाच चालत राहिला असता.

मी एक टीबीची जुनी हार्ड डिस्क त्यासाठीच ठेवलीय, गेमचं नाव, तारीख, फोल्डर. ऑफलाइन इन्स्टॉलर आपोआप अपडेट होत नाही, तेव्हा सहा महिन्यांतून एकदा बघून नवा आला असेल तर उतरवून घेतो. मेमध्ये ती डिस्क गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका. मी ठेवली होती, ४५ च्या वर पारा, एक डिस्क गेली. आता गोदरेजच्या कपाटात लग्नाच्या अल्बमखाली असते.

आणि दुकानावर डोळे मिटून भरवसा नकोच. गॉगने पण २०२१ च्या सप्टेंबरात हिटमॅन हा गेम विकायला ठेवला होता, त्यातल्या बऱ्याच गोष्टी नेटशिवाय उघडत नव्हत्या, गिऱ्हाइकांनी बोंब मारली, आणि ऑक्टोबरात त्यांनी तो काढून घेतला. बोंब मारली म्हणून काढला, हे लक्षात ठेवा.

रावेर, केळी उत्पादक: मुलीसाठी शेतीचा गेम पाहिजे, मारामारी नको. कॉम्प्युटर जुना, ४ जीबी रॅम, विंडोज १०. बिनकुलपाचा मिळेल का?

स्टारड्यू व्हॅली घ्या, गॉगवर आहे. २०१६ मध्ये आला, एका माणसाने एकट्याने बनवला, चित्रं, गाणी, सगळं. आकार १ जीबीच्या आतच, तुमच्या मशीनवर निवांत चालेल. गुहेत गेलं की थोडे चिखलाचे गोळे मारावे लागतात, एवढी मारामारी चालवून घ्या. पेरायचं, पाणी घालायचं, म्हशीऐवजी गायी आहेत, गावातल्या लोकांना भेटी द्यायच्या. केळी पण आहे त्यात, पण त्याचं रोप पहिल्या गावात मिळत नाही, पुढे एक उष्ण हवेचं बेट लागतं तिथे जावं लागतं. झाड गेममधल्या २८ दिवसांत तयार होतं आणि मग त्या बेटावर रोज फळ देतं, ना करपा, ना व्यापाऱ्याचा भाव. मुलगी खेळत असेल तेव्हा तुम्ही शेजारी बसू नका, उगाच जीव जळेल.